ओढ्यातला खड्डा आणि वाऱ्याची नळी

कराडजवळच्या मलकापूरहून सकाळी निघालो तेव्हा जीपमध्ये आम्ही दोघंच, माझा धाकटा भाऊ यशवंत आणि मी. सांगलीला जायचं होतं, एक नळी आणायला. नळीसाठी एवढा प्रवास? तर ऐका.

माझी लेक सुजाता पाटणच्या वर डोंगरातल्या एका वाडीत दिलेली. पहिलं बाळंतपण, तिला माहेरी आणायची होती. मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, बाळ पायाळू दिसतंय, घरी करू नका. पण गेल्या खेपेला वाडीखालच्या ओढ्यात यशवंतची जीप रुतली आणि अवघडलेल्या पोरीला चिखल तुडवत माघारी जावं लागलं. तिचे सासरे, म्हणजे आमचे इवाई (व्याही), तेव्हापासून हटून बसले. एस.टी.च्या कंडक्टरबरोबर त्यांचा निरोप आला, गाडी दारात आली तर सून पाठवतो, नाहीतर इथं सुईण आहे.

यशवंत फौजेत गाड्या दुरुस्त करायचा. त्याच्या एका साहेबांनी परदेशातून आणलेलं यंत्र त्याला देऊन टाकलं होतं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो ना, डिफरन्शियल म्हणतात त्याला, त्याच्या पोटात ते बसतं. ते बसवून झालं होतं. मी विचारलं, "त्यानं होतं काय?"

"आक्का, एक चाक चिखलात गेलं की सगळा जोर त्योच खातंय आन् नुसतं फिरत बसतंय. दुसरं चांगल्या भुईवर असून उभंच. ह्यात वारा सोडला की दोनी चाकं एकमेकाला जखडत्यात. फिरली तर दोनी फिरणार."

"वारा आणायचा कुठनं?"

"बॉनेटखाली कंप्रेसर हाय की."

"आन् तिथनं मागं?"

"त्येचीच तर नळी उंदरानं खाल्ली!"

खिशात त्यानं उंदरानं कुरतडलेला निळा तुकडा ठेवला होता, माप दाखवायला.

सांगलीत शिरलो की आधी हळदीचा वास येतो. नाकाला नाही, घशाला कळतो. बाजारामागच्या गल्लीत सूतगिरण्यांच्या यंत्रांचं सामान विकणारं दुकान सापडलं. दुकानदार तुकडा डोळ्याजवळ नेऊन म्हणाला, "वाऱ्याचीच हाय. पर गाडीच्या गोळ्यात वारा कशाला? पंक्चर काढायचं हाय व्हय?"

"लेक आणायचीय," मी म्हटलं. 

नळी मिळाली, बोटापेक्षा बारीक, नायलॉनची. दुकानासमोरच्या लिंबाखाली यशवंत पोतं अंथरून जीपखाली शिरला आणि मी वाकून बघत राहिले. नळीचं टोक त्यानं ब्लेडनं अगदी सरळ कापलं, तिरकं राहिलं तर वारा गळतो म्हणे. मग चौकटीच्या आतल्या अंगानं, सायलेन्सरपासून लांब, पेट्रोलच्या टाकीला वळसा घालून, कोपऱ्याकोपऱ्यावर पट्ट्या आवळत मागपर्यंत नेली. शेवटी गोळ्याकडं उतरताना चार बोटं सैल सोडली. सगळी नळी काटकोनात, कवायतीसारखी. दुकानदाराला खोडी काढल्याशिवाय राहवेना, "मिलिट्री, नळीला सलाम शिकवताय काय?"

माझं काम साबणाचा फेस. प्रत्येक सांध्यावर तो लावायचा आणि बुडबुडे येतात का बघायचं. यशवंतनं बटण दाबलं. कंप्रेसर घरघरला आणि जरा वेळानं पोट भरल्यासारखा गप्प झाला. एक बुडबुडा नाही! कृष्णेच्या काठावर बसून भडंग (तिखट मसाल्याचे चुरमुरे) खाताना मी त्या गप्प होण्याचाच विचार करत होते. आत वारा दबून बसलाय आणि बाहेर कुणाला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी पाटण मागं टाकून डोंगराला लागलो. तांबडी वाट, करवंदीच्या जाळ्या, खाली कोयनेचं पाणी चमकत होतं. ओढा आला. तिथं झऱ्याचं पाणी बारमाही झिरपतं, त्यामुळं वळणावरचा चिखल काही वाळत नाही. यशवंतनं बटण दाबलं आणि जीप आत घातली. डावं चाक खड्ड्यात गेलं, जीप कलली, मी दाराला धरलं. मागून फुस्स असा आवाज झाला. डावं चाक नुसतंच फिरायला लागलं आणि कंप्रेसर घरघरतोय तो घरघरतोयच.

"गप का बसंना गं ह्यो?" यशवंत म्हणाला, आणि लगेच त्याचं त्यालाच कळलं. "नळी निसटली."

आवाज ऐकून इवाई वरून खाली आले, खांद्यावर दोर. वाऱ्याच्या यंत्राचं आम्ही त्यांना निरोपात कळवलं होतं.

"जय भीम, इनबाई (विहीणबाई)! आला न्हवं वारा?"

"जय भीम. आला हुता, गेला," मी म्हटलं. हसू आलं, पण नजर वाडीकडं गेली. वर पोर पिशवी भरून बसली असणार.

यशवंत चिखलात आडवा झाला. चाक खड्ड्यात लोंबलं तसा मागचा आस खाली गेला होता आणि त्यानं नळी खेचून उपटली होती. सांगलीच्या सपाट गल्लीत चार बोटं पुष्कळ वाटली होती. मी विचारलं, "आता आस जितका खाली गेलाय, त्याच्यापेक्षा जास्त कवा जातोय का?"

"न्हाई. ह्योच शेवट."

"मग माप हितंच घे की!"

तो बाहेर डोकं काढून हसला. "खरं हाय आक्का. हितनं चांगली जागा कुठली!"

पट्ट्या सोडल्या. टाकीभोवतीचा काटकोन मोडून नळी तिरकी घेतली, त्यात वीतभर सुटली. टोक पुन्हा सरळ कापलं. इवाई उजेडासाठी टॉर्च धरून वाकले होते. तेच म्हणाले, "बुडबुडं बघा की वो, इनबाई." मी फेस लावला. नव्हते.

बटण दाबलं. घरघर थांबली. यशवंतनं अगदी हळू क्लच सोडला. दोन्ही चाकं एकदम फिरली, चिखल इवायांच्या धोतरापर्यंत उडाला आणि जीप कण्हत कण्हत वर आली ती थेट दारात थांबली. सुजाता उंबऱ्यात उभी होती.

विहिणीनं तिला भाकरी-चटणीची पुरचुंडी दिली आणि तोंड फिरवून पदर डोळ्याला लावला. इवाई दिसेनात. रागावले की काय, मला वाटलं. शब्द दिला खरा, पण सून डोळ्यांपुढून गेल्यावर घर ओकंबोकं होणारच.

उतरताना ओढ्याशी यशवंतनं ब्रेक दाबला. इवाई पाण्यात उभे होते, धोतर गुडघ्यावर खोचलेलं, त्या खड्ड्यात दगड रचत.

यशवंत म्हणाला, "आवं, आता कशाला? गाडी चढतीया की!"

"चढतीया. पर तवा लय कलली हुती." त्यांनी आणखी एक दगड बसवून पायानं दाबून बघितला. "येताना तान्हं असंल न्हवं आत."

आम्ही त्या दगडांवरून हळूच गेलो. जीप जराही कलली नाही. कराड येईपर्यंत सुजाता माझ्या खांद्यावर झोपली होती. मला सारखे ते दगड आठवत होते.  एवढ्या लांबून आलेलं यंत्र आत कसं चालतं ते बघायला मी जीपखाली डोकं घातलं होतं. इवायांच्या मनात काय चाललंय हे मात्र त्यांनी ओढ्यात उतरून दाखवेपर्यंत मला कळलं नव्हतं.