सुरी थांबली की

गल्लीत त्यांना सगळे रेडिओमौलाना म्हणत. रोज सकाळी साडेआठला त्यांचा आवाज घराघरांतून ऐकू येई. तलाकपासून दातांच्या कवळीपर्यंत धर्माबद्दल लोक काहीही विचारत, आणि मौलाना गेली सव्वीस वर्षं उत्तरं देत होते. मदरशात जुने ग्रंथ पाठ केले, मग विद्यापीठात जाऊन त्याच ग्रंथांवर प्रबंध लिहिला. त्यामुळे जुन्यांना ते जरा नवे वाटत आणि नव्यांना जरा जुने. "दोन्हीकडून बोलणी खाणारा माणूस साधारण मधोमध उभा असतो," असं म्हणून ते खुशाल चहा पीत.

त्यांची खरी परीक्षा मात्र स्वयंपाकघरात होई. श्रोत्यांच्या पत्रांची उत्तरं ते कार्डांवर लिहीत आणि संध्याकाळी बायको भाजी चिरत असताना तिला वाचून दाखवत. बायको म्हणजे त्यांच्या उस्तादांची मुलगी. वडिलांचा वर्ग चाले त्याच्या मागच्या खोलीत बसून तिने सगळं ऐकून ऐकून आत्मसात केलं होतं. ती चांगलं-वाईट काही म्हणत नसे. सुरी चालू राहिली की उत्तर पास. सुरी थांबली की मौलाना कार्ड खिशात घालून निमूट पुस्तकांच्या कपाटाकडे वळत.

"एवढा शिकलो, आणि माझा निकाल लागतो दुधीभोपळ्यावर," असं ते कुरकुरत. पण तिला न ऐकवता एकही कार्ड त्यांनी स्टुडिओत नेलं नव्हतं.

मग मुलीला बाळ झालं आणि बाईसाहेब महिनाभरासाठी तिच्याकडे गेल्या. पहिले काही दिवस बरे गेले. एका सकाळी पत्रं लवकर संपली. एरवी फोनवरचा प्रश्न आज घ्यायचा आणि उत्तर उद्या द्यायचं, अशी मौलानांची शिस्त. पण बातम्यांना अजून मिनिटभर होतं, म्हणून स्टुडिओच्या काचेपलीकडून निर्मातीबाईंनी एक फोन जोडून दिला.

"मौलाना, गुडघे गेलेत हो माझे," एक म्हातारा आवाज म्हणाला. "खुर्चीत बसून नमाज पढले तर चालेल का?"

"उभं राहता येतं का, आजी?"

"येतं की."

घड्याळात वीस सेकंद उरले होते. "मग उभं राहूनच पढा. ज्याला जमतच नाही, त्यालाच बसायची सवलत."

बातम्या सुरू झाल्या. मौलाना बाहेर येऊन चहाचा कप उचलतात तोच मोबाइल वाजला. बायको होती, आणि तिने सलामही केला नाही.

"उभं राहता येतं का, हे विचारलंत. उभं राहिल्यावर काय होतं, ते विचारलंत?"

"वेळ नव्हता गं."

"मग उद्या सांगतो म्हणायचं! दुखणं वाढणार असेल, पडायची भीती असेल, तर बसायची मुभा आहे. अब्बांनी तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं."

मौलानांच्या तोंडचं पाणी पळालं. निर्मातीबाईंनी फोनची नोंद पाहिली, पण आजींचा नंबर कुणी लिहून घेतला नव्हता. पुढचा कार्यक्रम थेट दुसऱ्या दिवशी. त्या दिवशी प्रत्येक नमाजाला उभं राहताना मौलानांना स्वतःचे गुडघे जाणवत राहिले. कुठल्याशा घरात एक म्हातारी आपल्या शब्दाखातर भिंत धरून उठत असेल, आणि पडली तर? त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी समजावलं, "चुकलो असं नका म्हणू, मौलाना. 'थोडी अधिक माहिती' म्हणा. सव्वीस वर्षांचा विश्वास आहे लोकांचा."

"विश्वास आहे म्हणून तर त्या उभ्या राहतील ना, बाई!"

पत्रं बाजूला ठेवून ते पहिल्या वाक्यालाच म्हणाले, "काल मी घाईत चुकीचं उत्तर दिलं. आजी, ऐकत असाल तर बसूनच पढा. पढलेले नमाज कबूल होवोत आणि तुमच्या गुडघ्यांनी मला माफ करावं."

कार्यक्रम संपता संपता फोन आला. तोच आवाज. मौलाना खुर्चीतून अर्धे उठले.

"आजी, पडला नाहीत ना?"

"कशाला पडेन? मी बसूनच पढले."

"पण मी तर उभं राहा म्हणालो होतो."

"हो, पण तुम्ही नेहमी इतकं खोदून खोदून विचारता, आणि काल एका प्रश्नात मोकळे झालात. म्हटलं, आज यांचं काहीतरी बिनसलंय. उद्या सांगतील नीट."

काचेपलीकडे बाई हसत होत्या. मौलानांना हसूही आलं आणि डोळेही भरून आले. सव्वीस वर्षं आपण एकाच स्वयंपाकघरात तपासले जातो, असा त्यांचा समज होता.

बाहेर येऊन त्यांनी बायकोला फोन लावला. "ऐकलंस?"

पलीकडून फक्त सुरीचा आवाज येत होता, एकसारखा, न थांबता.