डोकी हुंगणारी आयाम्मा

आमच्या बालवाडीतली आयाम्मा मुलांची डोकी हुंगायची. लाडानं पापा घेतात तसं नव्हे, चांगली नाक खुपसून. सकाळी व्हॅन फाटकाशी लागली की एकेका पोराला उतरवून घ्यायची, दोन्ही तळव्यांत त्याचं डोकं धरायची, टाळूवर नाक टेकवून लांब श्वास घ्यायची आणि मगच "जा, कण्णू" म्हणून आत सोडायची. पोरांना तो खेळ वाटायचा. मला मात्र पहिल्या दिवशी शिसारीच आली. म्हटलं, ही बाई उवा नाकानं शोधते की काय!

"उवांना कुठला वास, टीचरम्मा?" ती म्हणाली. "वास औषधाला असतो. भातावर फवारतात ना, ते. बायका तेच तेलात कालवून पोरींच्या डोक्याला चोळतात. एका न्हाण्यात उवा साफ. कधीकधी पोरही." एवढं बोलून ती झाडू घेऊन निघूनही गेली. ती बोलायची तमिळ. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कुंभकोणमचे मराठी, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, त्यामुळे तिचं बोलणं मला आज मराठीतच आठवतं. ते वाक्य कुठल्याही भाषेत ऐकलं असतं तरी मला त्या दिवशी जेवण गेलं नसतं.

दुपारी मुलांचं दूध झालं की मागच्या ओसरीवर तिचं दुकान मांडलेलं असे. मांडीवर पांढरं फडकं, हातात बारीक दातांची फणी, शेजारी वाटीत कडुनिंबाचं तेल. फणीतून फडक्यावर ऊ पडली की अंगठ्याच्या नखावर टचकन चिरडायची. लिखा मात्र एकेक केस धरून ओढून काढायची, आणि त्यात तिचा तासन्‌तास वेळ जायचा. मी कुरकुरले की म्हणायची, "उवांना घाई नसते, टीचरम्मा. घाई आपल्याला." तिनं कुणाही मुलाला "ये, बस" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. "डोकं मागून घ्यायचं नसतं. ते आपणहून मांडीवर आलं पाहिजे," असं तिचं म्हणणं. आणि यायचीही हो! घरी फणी पाहिली की आकांत करणारी कार्टी तिच्या मांडीवर चक्क घोरायची.

तिला एक मुलगी होती, सेल्वी. चार वर्षांची होऊन तापानं गेली, असं शाळेत सगळे सांगत. तिला कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

त्या वर्षी माझ्या वर्गात मलर होती. सुंदरपेरुमाळ कोयिल गावाहून व्हॅननं यायची. आईबाप दोघंही शेतात राबणारे. मलरचे केस स्वामीमलैच्या मुरुगन देवाला नवसानं बोललेले. जन्मापासून कात्री लागलेली नव्हती, तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, देवळात मुंडन व्हायचं होतं. चार वर्षांची पोर आणि केस कमरेपर्यंत! त्या जंगलात उवांची काय चैन! आयाम्मा रोज तिचे केस उलगडून बसायची. "हे देवाचं पीक. आपण नुसती राखण करायची," असं तिला सांगायची, आणि मलर मान डोलवायची.

मग एका आठवड्यात सगळंच फिसकटलं. पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर उवांच्या तक्रारी सुरू झाल्या. आणि रविवारी माझ्या मुलीसमोर सासूबाईंनी माझ्याच भांगातून ऊ काढून मला दाखवली. "पोरांना शिकवतेस की त्यांच्या उवा पोसतेस?" मी लाजेनं अर्धमेली झाले. सोमवारी सकाळी तरातरा ऑफिसात गेले आणि छापील पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. 'आपल्या पाल्याच्या डोक्यात उवा आढळल्या आहेत. डोके पूर्ण स्वच्छ झाल्याशिवाय वर्गात घेतले जाणार नाही.' सात मुलींच्या दप्तरांत सात चिठ्ठ्या घातल्या.

आयाम्मानं माझा हात धरला. "चिठ्ठी नको, टीचरम्मा. पोरगी घरी बसली तर आईनं कामावर जायचं कसं? एका रात्रीत डोकं साफ करायला बघतील. मला आठ दिवस द्या."

"तुम्ही आया आहात, आयासारख्या राहा," मी म्हणाले. हो, मीच. ती हात सोडून बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. व्हॅन आली. मलर डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून उतरली. आयाम्मानं नाक टेकवलं आणि अशी काही ओरडली की वॉचमन धावत आला. मी पोचेपर्यंत तिनं मलरला नळाखाली धरलं होतं, कपडे काढून फेकले होते, साबण चोळत होती. पोरीच्या तोंडातून लाळ गळत होती. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्या होत्या. केसांतला तेलकट वास जाता जाईना. "कात्री!" आयाम्मा किंचाळली. मी हस्तकलेची कात्री आणून दिली आणि तिनं ते कमरेपर्यंतचे केस मुळापासून सपासप कापून टाकले. मग पोरीला उचललं, रिक्षात घातलं, इस्पितळ गाठलं. डॉक्टर म्हणाले, अंगावरून धुतलं नसतं, केस तसेच राहिले असते, तर पोर अर्धा तासही जगली नसती.

संध्याकाळी बाप शाळेत आला. पोर वाचली याचा आनंद नाही, देवाचे केस कापले याची भीती. "आता मुरुगन काय करील आमचं?" असं तो पुन्हापुन्हा विचारत होता. आमच्या मोठ्या मॅडमना गावात बोभाटा नको होता. बाप निघून गेल्यावर त्यांनी आम्हां दोघींना विचारलं, "शाळेनं घरी काही कळवलं होतं का?" मी जमिनीकडे पाहत उभी राहिले. आयाम्मानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चिठ्ठीचं नाव काढलं नाही. देवाचे केस कापल्याचं खापर फोडून तिला तिथल्या तिथे काढून टाकलं. मी माझी पर्स उचलली आणि घरी गेले. घरी जाऊन सांबार केलं, तेही बरं झालं होतं.

गुरुवारी दुपारी मला राहवेना. बसस्टँडमागच्या गल्लीत तिचं घर शोधून काढलं. ती दारात शेवग्याचा पाला खुडत बसली होती.

"मलर?" तिनं विचारलं.

"शुद्धीवर आली. आज इडली खाल्ली." आणि मग मला रडूच फुटलं. "आयाम्मा, चिठ्ठी मी दिली आणि ऑफिसात तोंड उघडलं नाही. मला..."

"रडा मागाहून. सात चिठ्ठ्या होत्या ना? बाकीच्या सहा पोरी?"

"अजून आल्या नाहीत." खरं सांगायचं तर वर्ग शांत होता म्हणून मला बरंच वाटत होतं.

ती ताडकन उठली. मांडीतला पाला सगळा खाली सांडला. "उद्या शुक्रवार!"

आमच्याकडे मुलींची डोक्यावरून अंघोळ मंगळवारी आणि शुक्रवारी. मलरच्या आईला मंगळवार साधला होता. बाकीच्या सहा घरी न्हाणं उद्या पहाटे होतं.

रिक्षा केली. पहिलं घर गावातच, टाइल्स लावलेलं. त्या मुलीची आई हसून म्हणाली, "छे हो, आम्ही असलं काही वापरत नाही." आयाम्मा उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. "माझी सेल्वी तापानं गेली नाही. मी मारली. शुक्रवार होता. ह्या हातांनी औषध तेलात कालवलं, ह्या हातांनी चोळलं. न्हाऊ घातलं, वेणी घातली, फुलं माळली. म्हणाली, अम्मा, पोटात दुखतंय. मी म्हटलं, शाळा नको म्हणून सोंग करतेस. दुपारी गेली." त्या बाईनं आपल्या मुलीला हळूच मागे ओढून घेतलं.

मी तिच्या मागे उभी होते. सेल्वीचं खरं मलाही तिथंच, त्या परक्या दारात कळलं.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही, फुलंसुद्धा गाळली नाहीत. वाटेवरच्या तिरुवलंचुळी गावात एका घरी तिचा आवाज बसला, तिनं पाणी मागितलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मी म्हटलं, "आयाम्मा, आता मी सांगते." ती म्हणाली, "तुमचं कोण ऐकणार? तुमची पोर जिवंत आहे."

सहावं घर सुंदरपेरुमाळ कोयिलला, मलरच्याच गल्लीत. तिथली आई सगळं ऐकून आत गेली आणि तांदळाच्या डब्यामागून एक बाटली घेऊन आली. शेजारी वाटीत खोबरेल काढून ठेवलेलंच होतं. आयाम्मानं बाटली पदरात गुंडाळली आणि रिक्षात येऊन बसली. मी म्हटलं, उद्याच मॅडमना सगळं खरं सांगते, तुम्ही परत या. ती बाहेरच्या शेताकडे पाहत राहिली.

मी सांगितलं. माझी बरीच शोभा झाली, पण मॅडम तिला परत घ्यायला कबूल झाल्या. सोमवारी सहाही मुली धडधाकट शाळेत आल्या, आयाम्मा मात्र अजून आली नव्हती. ती बाटलीवाली आई मुलीला सोडायला स्वतः आली होती. फाटकाशी तिनं मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "टीचर, ती बाई परत येणार नाही ना? आली तर माझ्या मुलीच्या डोक्याला तिला हात लावू देऊ नका."