पाहुणा आला

हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल उचलण्याआधी बिंदुमाधव आजही एकदा डावीकडे पाहतात. त्या लेनमध्ये नरसिंहराव असायचे. एक राहायला चामराजपेटला, दुसरे मल्लेश्वरमला; रविवारी सकाळी नेमबाजीच्या दहा मीटरच्या रेंजवर शेजारी उभं राहायचं, हा दोघांचा वर्षानुवर्षांचा नेम.

रेंजवरची बोली बाहेरच्याला उमगत नाही. भरकटलेला छर्रा म्हणजे ‘फ्लायर’. कागदावरचं भोक घड्याळावरून सांगायचं; बारा म्हणजे वर, सहा म्हणजे खाली. चुकून शेजाऱ्याच्या कागदावर नेम धरला तर ‘क्रॉसफायर’, म्हणजे खाली मान. या दोघांनी मात्र त्या चुकीला घरचं नाव ठेवलं होतं. आपल्या कागदावर एक भोक जास्त निघालं की म्हणायचं, ‘‘पाहुणा आला.’’ चुकलेल्याने विचारायचं, ‘‘कॉफी दिलीस का?’’ आणि मग ती कॉफी त्यानेच पाजायची.

गेल्या वर्षी नरसिंहरावांच्या नजरेचा नेमका मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. रेंजचं नाव काढलं की ते कानडीत ‘‘सरी, सरी’’, म्हणजे बरं बरं, म्हणत विषय फणसावर नेतात. बिंदुमाधवांना घरी, ऑफिसात बोलायला माणसं पुष्कळ. ही बोली बोलायला कोणी उरलं नव्हतं.

आता त्या लेनमध्ये सिद्धी असते, पुण्याहून नोकरीला आलेली. परवाच्या रविवारी बिंदुमाधवांनी आपला कागद दोरीवरून जवळ ओढला. त्यांचा स्वतःचा एक फ्लायर होताच, शिवाय एक भोक जास्त होतं.

‘‘पाहुणा आला,’’ ते सवयीने बोलून गेले.

सिद्धीने दाराकडे पाहिलं. ‘‘कोण आलंय, काका?’’

त्यांनी समजावलं तशी ती ओशाळली, पुन्हा पुन्हा सॉरी म्हणाली. त्यांना सॉरी नको होतं. पुढचं वाक्य हवं होतं. पिस्तूल रिकामं करून ते बाहेर आले आणि त्यांनी फोन लावला.

‘‘नरसिंहा, पाहुणा आला.’’

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आता फणस निघणार, असं बिंदुमाधवांना वाटलं.

‘‘कॉफी दिलीस का?’’ नरसिंहरावांनी विचारलं. ‘‘कुणाचा पाहुणा?’’

‘‘तुझ्या लेनमधली मुलगी आहे.’’

‘‘किती वाजता?’’

‘‘सातला.’’

‘‘उजव्या हाताची?’’

‘‘हो.’’

‘‘मग ट्रिगरला हिसका देतेय. कागद चुकला ते सोड, हा हिसका वाईट. दे तिला फोन.’’

वर्षभराचं कितीतरी सांगायचं साठलं होतं. पण बिंदुमाधवांनी सिद्धीला बाहेर बोलावून फोन तिच्या हाती दिला. ती ऐकत होती, मान डोलावत होती. उजव्या हाताची तर्जनी हवेतच हळूहळू दुमडत होती. मधेच हसली.

बिंदुमाधव बाजूला उभे राहिले, फोन परत मिळायची वाट पाहत. आपला आजचा फ्लायर कितीला गेला, हे अजून कुणी विचारलं नव्हतं.