ओदीलने काढून घेतलेलं नाव

ओदील मुन्येच्या घरातल्या तीन पिढ्या दुधात गेल्या. बाप मार्सो प्रेव्हेसाँजवळच्या चीज-सोसायटीत कढया ढवळायचा. मक्याच्या शेतांखालून खोल बोगदा गेलेला आणि त्यात कण गरगर फिरतात, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. त्याने गाईंचं दूध आटत नाही एवढी खात्री झाल्यावर कुणी पुढे काही विचारलं नव्हतं. ओदील मात्र विचारत राहिली. लियोंला जाऊन भौतिकशास्त्र शिकली, डॉक्टरेट मिळवली, आणि एकतिसाव्या वर्षी घरापासून सायकलने बारा मिनिटांवरच्या त्याच प्रयोगशाळेत तीन वर्षांच्या करारावर लागली. शेजारणी मार्सोला विचारायच्या, "पोरगी नेमकं करते काय?" तो म्हणायचा, "काय माहीत. पण वेळेवर जाते."

तिच्या प्रयोगात एकशे सव्वीस माणसं होती. शोधनिबंध निघाला की सगळ्यांची नावं वर्णानुक्रमाने लागायची. पहिलं नाव आबेल्सचं. हा आबेल्स पंपांच्या खोलीत बसायचा आणि निबंध वाचायचाही नाही, पण जगभर लोक "आबेल्स आणि इतर" असंच म्हणायचे. कँटीनमध्ये त्याला सगळे "काय महाशोधक" म्हणून हाक मारत आणि तो बिचारा लाजून ताटात बघत बसे.

नावांची यादी पिएरेत सांभाळायची. पिएरेत प्रयोगाची सेक्रेटरी, वय पंचावन्न, तोंडाने फटकळ. कोण आला, कोण गेला, कुणाचं लग्न होऊन आडनाव बदललं, कुणाच्या नावावर कुठली मात्रा, सगळं तिला पाठ. एकदा एका पोलिश माणसाच्या अक्षराखालची शेपटी राहिली म्हणून तिने तीनशे प्रती फाडून परत काढल्या होत्या.

सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत प्रयोगात एक नवीनच काहीतरी दिसलं. कणांच्या लाखो टकरींमधून अकरा टकरी अशा निघाल्या, की त्यांचा हिशेब कुठल्याही ओळखीच्या कणाशी जुळेना. प्रयोगाचे प्रमुख ताव्हियानी आठवडाभर जिने चढताना गात होते. अमेरिकेतला एक गट त्याच मागावर आहे अशी कुणकुण लागली आणि ठरलं, दहा दिवसांत छापायला पाठवायचं.

ओदीलचं काम तारांच्या पेट्या तपासायचं. वायूने भरलेल्या या पेट्यांत केसाएवढ्या तारा ताणलेल्या असत आणि कण गेला की तार इशारा देई. अकरा टकरींचे नकाशे तिने जमिनीवर पसरले आणि गुडघ्यांवर बसून एकेक बघितले. अकरातल्या सहा एकाच कोपऱ्यातून आल्या होत्या. त्या कोपऱ्यातल्या पेटीत वायूचा दाब डिसेंबरपासून खालीवर होत होता. तिने स्वतःच तीनदा नोंदवहीत तसं लिहिलं होतं.

ती ताव्हियानींकडे गेली. "प्रोफेसर, मला दोन आठवडे द्या. पेटी उघडून बघते."

"दोन आठवड्यांत अमेरिकेत मेजवानी होईल," ताव्हियानी म्हणाले. "अगं, सहा काढल्या तरी पाच उरतात."

"पाच असतील तर योगायोगही असू शकतो. हे तुम्हीच मला शिकवलंत."

"मी तुला पुष्कळ शिकवलं. आता गप्प बसायलाही शिक."

शुक्रवारच्या सभेत तिने हात वर केला आणि नकाशे दाखवले. दोन-चार जण पुढे झुकले, एकाने कागद मागून घेतला. ताव्हियानींनी घड्याळ पाहिलं. "शंका नोंदवली आहे. पुढचा मुद्दा."

"मग माझं नाव काढा," ओदील म्हणाली.

खोलीत कुणाच्या तरी चमच्याचा आवाज झाला. ताव्हियानींना वाटलं, आपल्यालाच भाषा नीट समजली नसेल. "काय काढा?"

"यादीतलं नाव. मला जे पटलेलं नाही त्याखाली माझं नाव नको."

सभा संपल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं. आवाज आता मऊ झाला होता. "हे बघ, एकशे सव्वीसजणांच्या प्रयोगातून एकशे पंचवीस नावं आली, की लोक काय करतील माहितीये? पंचवीसांना सोडतील आणि सव्विसावं शोधत बसतील. तुझा करार पुढच्या वर्षी संपतो ना?"

"संपतो."

"मग शहाणी हो."

तिच्या खोलीत समोरच्या टेबलावर ब्रूनो बसायचा. दोघं एकाच महिन्यात लागलेले. एकाच बरणीतली कॉफी प्यायचे, एकमेकांची गणितं तपासायचे. त्याने दार लावून घेतलं. "वेडी आहेस का? समजा चुकला निबंध. तरी काय बिघडलं? चूक आहे म्हणायला सुद्धा शंभर जणांना त्याचा उल्लेख करावा लागणार. आणि नोकरी देताना उल्लेख मोजणारा कधी विचारतो का, की उल्लेख स्तुतीचा होता की शिव्यांचा? तो मोजतो फक्त."

"म्हणजे पडलेलं घर दाखवायला माणसं जमली, की गवंड्याला बक्षीस?"

"हो! नियम मी केलाय का?"

घरी तिने बापाला सांगितलं. तिला वाटलं होतं, तो तरी पाठीवर हात ठेवील. मार्सो बटाटे सोलत होता, सोलतच राहिला. "एकशे सव्वीस माणसं. त्यात एक नाव कोण वाचतंय? डोकं खाली घाल, करार वाढवून घे, मग हवं तेवढं खरं बोल."

"मग बोलता येत नाही, बाबा. तोवर सवय मोडते."

"तुझ्या आईसारखीच गं तू," तो म्हणाला. ही तारीफ नव्हती.

सोमवारी सकाळी ती पिएरेतसमोर उभी राहिली आणि सहीचं पत्र ठेवलं. पिएरेतने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "वीस वर्षं झाली मला इथे. नाव घाला म्हणून रडलेत, भांडलेत, एकाने चॉकलेटचा डबा आणला होता. काढा म्हणणारी तू पहिलीच." मग ती टंकयंत्राकडे वळली. दुपारी ताव्हियानी यादी बघून ओरडले तेव्हा तिने पत्र पुढे केलं. "ज्याचं नाव त्याची मर्जी, प्रोफेसर. माझं काम शुद्धलेखनाचं."

निबंध एकशे पंचवीस नावांनी छापून आला. वर्तमानपत्रांत चित्रं आली. आबेल्सला त्याच्या गावच्या महापौराने भाषणाला बोलावलं.

उन्हाळ्यात यंत्र बंद असताना तो कोपरा उघडला. एक सांधा सैल निघाला. पुढच्या हंगामात दसपट टकरी नोंदवल्या, त्यांत तो कण एकदाही आला नाही. अमेरिकेतही नाही. पण निबंध मागे घेतला, असं कुणी म्हटलं नाही. पुढच्या निबंधात एक वाक्य आलं, की आधीच्या निरीक्षणाला पुष्टी मिळाली नाही. कुणी ओदीलकडे येऊन काही बोललं नाही. कॉरिडॉरमध्ये लोक तिला बघून जरा घाईने चालू लागले, एवढंच.

तिचा करार संपत आला, तेव्हा शेजारच्या एका विद्यापीठात कायमची जागा निघाली. ओदीलने अर्ज केला, ब्रूनोनेही केला. अर्जासोबत तुमच्या कामाचे उल्लेख किती झाले, ते जोडायचं होतं. ती ग्रंथालयात गेली. जगभरच्या निबंधांतल्या उल्लेखांचे जाडजूड खंड मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेले. पट्टी धरून ती ओळी मोजत बसली. तिच्या सगळ्या निबंधांचे मिळून एकशे चाळीस. सहज म्हणून तिने तो निबंधही बघितला. आबेल्स आणि इतर: सहाशे बारा. जो कण नव्हताच, त्याच्या नावाने सहाशे बारा. ती एवढ्या मोठ्याने हसली, की ग्रंथपालाने मान वर केली.

त्या आठवड्यात ताव्हियानींनी तिला बोलावलं. निवड समितीवर त्यांचा मित्र होता. "तू बरोबर होतीस," ते म्हणाले. म्हणायला त्यांना जड गेलं. "मला तुझं भलं करू दे. नियतकालिकाला दोन ओळींची दुरुस्ती पाठवतो. टंकताना एक नाव अनवधानाने राहिलं. झालं! सहाशे बारा तुझ्याही खात्यात. पिएरेत तयार आहे."

ओदील तडक पिएरेतकडे गेली. "तुम्ही हो म्हणालात?"

"म्हणाले." पिएरेत कागदांकडे बघत राहिली. "मला दीड वर्षात निवृत्त व्हायचंय, पोरी. म्हातारीने एक नाव गाळलं, म्हणतील. म्हणू देत. तुला जागा मिळते ना?"

ओदील खुर्चीत बसली. खिडकीबाहेर बोचरं उत्तरेचं वारं सुटलं होतं, सायकली एकमेकींवर पडल्या होत्या. तिला ती जागा हवी होती. किती हवी होती, ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. शिकवायचे धडे सुद्धा वहीत काढून ठेवले होते.

"तुम्ही आयुष्यात एक नाव गाळलं नाहीत," ती शेवटी म्हणाली. "मी एक खोटं सोडलं ते दुसऱ्याच्या गळ्यात बांधायला नाही. दुरुस्ती पाठवली तर मी उलट दुरुस्ती पाठवीन. तुमच्याकडूनच टंकून घेईन."

"गाढव आहेस," पिएरेत म्हणाली आणि रुमाल शोधू लागली.

मुलाखतीत समितीच्या अध्यक्षांनी आकडे समोर ठेवले. "दुसऱ्या उमेदवाराचे साडेसातशे आहेत, मादाम. तुमचे एकशे चाळीस."

"त्यातले सहाशे बारा नसलेल्या कणाचे आहेत."

"समितीला वजाबाकीचा अधिकार नाही."

"मग समिती कशाला? बेरजेला माझा बापही चालेल."

जागा ब्रूनोला मिळाली. तो फुलं घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. ओदीलने फुलं घेतली, त्याला आत घेतलं, मार्सोने चीज कापलं. ब्रूनो निघताना म्हणाला, "ती जागा तुझी होती." ती म्हणाली, "मग नीट शिकव." मैत्री टिकली, पण पूर्वीसारखी राहिली नाही.

प्रयोगशाळेच्या वायू विभागात तंत्रज्ञांच्या बरोबरीची एक जागा रिकामी होती. ती ओदीलने घेतली. तिथल्यांची नावं निबंधांवर येत नसत. ताव्हियानींना वाटलं, रागाच्या भरात घेतली, महिन्यात सोडेल. ती चोवीस वर्षं राहिली. नळ्या, सांधे, दाबाचे काटे. हातांना रबराचा वास. सुरुवातीची दोन वर्षं वाईट गेली. जुने सहकारी दिसले, की ती दुसऱ्या जिन्याने जायची. मग एक दिवस तिने ठरवलं, जिना आपण का बदलायचा, आणि मधल्या जिन्याने जाऊ लागली.

नवा प्रचंड प्रयोग उभा राहिला तेव्हा त्याची माणसं हजारोंत गेली होती. यंत्र सुरू करण्याआधी वायूच्या तपासणीच्या कागदावर तिची सही लागायची. उद्घाटनाला पाहुणे येणार होते. नवा प्रमुख, तिला मुलगा असता तर त्याच्या वयाचा, खाली बोगद्यात आला. "मादाम मुन्ये, कागद?"

"एक काटा थरथरतोय. दोन दिवस."

"पाहुणे उद्या येतायत!"

"त्यांना कॉफी द्या. इथली बरी असते."

तो वर गेला, आणखी दोघांना घेऊन आला. तिघं बोलले, तिने ऐकून घेतलं आणि पान्याने झाकण उघडायला सुरुवात केली. दोन दिवस तिने एकेक सांधा तपासला. काही निघालं नाही. काटाच जुना झाला होता.

"म्हणजे उगीच थांबलो," प्रमुख म्हणाला.

"उगीच कसं? तेव्हा माहीत नव्हतं, आता माहीत आहे," ओदील म्हणाली. हात पुसले, त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि सही केली.