चोपन्न वर्षांची नायिका

इस्त्रीकाकांचं ताईंकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते एक सदरा जळाला त्या दुपारी. तोवर त्या शिवणखोलीत येऊन काकांना वर्ष होत आलं होतं. ताई रोज दिसायच्या. जाता-येता "आलात का?", "निघालात का?" व्हायचं. पण दिसणं वेगळं आणि लक्ष जाणं वेगळं.

त्या शिवणखोलीची एक रीत होती. सकाळी यंत्रं चालायची, तेव्हा शेजारणीचं बोलणंही ऐकू यायचं नाही. जेवणानंतर यंत्रं बंद व्हायची आणि हातकाम सुरू व्हायचं. काजं, बटणं, तुरपाई. हात गुंतलेले, कान रिकामे. आणि कान रिकामे असले की भांडणाला निमित्त लागत नाही. म्हणून मालकीणबाईंच्या सासूबाईंनी पायंडा पाडला होता, की एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि तिच्या वाटचे सदरे बाकीच्यांनी वाटून घ्यायचे. वाचणारीचा आवाज स्वच्छ हवा आणि तिला लवकर रडू येता कामा नये, एवढ्याच अटी. ताई दोन्हींत बसल्या. वाचायचं काय, तर प्रेमकथा. मालकीणबाईंनी एकदा मनःशांतीवरचं पुस्तक आणून दिलं होतं. मनःशांती इतकी लाभली की दोघी सुई हातात धरून झोपल्या आणि सबंध गठ्ठ्याची बटणं वाकडी बसली.

इस्त्री मागच्या खोलीत चालायची. मधे फळ्यांची भिंत आणि तिला एक चौकोनी खिडकी. सदरे त्यातून इकडून तिकडे जायचे. वाफेच्या फुसफुसाटात काकांच्या कानांवर वाचनाचे तुकडेच पडायचे, आणि तेही त्यांनी कधी मनावर घेतले नव्हते. साठी ओलांडलेला माणूस, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. पोरापोरींच्या प्रेमाशी त्यांना काय देणंघेणं?

त्या दुपारी नवं पुस्तक सुरू झालं. ताई वाचत होत्या, "ती खिडकीशी उभी होती. वय चोपन्न. कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते आणि ते रंगवायचा तिनं केव्हाच कंटाळा केला होता. आता कुणी आपल्याकडे पाहिलंच, तर आधी काय पाहील, असं तिच्या मनात आलं."

काका इस्त्री उचलायला विसरले. वास आला तेव्हा कॉलरीवर तपकिरी डाग उमटला होता. उभ्या आयुष्यात त्यांनी कापड जाळलं नव्हतं. पण त्यांनी आधी सदरा पाहिला नाही. ते खिडकीशी गेले आणि वाचणारीकडे पाहू लागले.

ताई पुस्तक हात लांब करून धरायच्या, कारण नवा चष्मा करायचं त्या पुढे ढकलत होत्या. ओळीवरून बोट फिरवायच्या. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, बारीक, मान एका बाजूला किंचित कललेली, जणू आतून कुणी हाक मारील आणि उठावं लागेल. ते खरंच तसं होतं. घरी आई अंथरुणाला खिळलेली. दिवसा शेजारीण लक्ष ठेवायची, संध्याकाळपासून सगळं ताईंवर. आधी भावांची शिक्षणं, मग वडलांचं आजारपण, मग आई. लग्नाचं विचारलं तर त्या "राहून गेलं" म्हणायच्या. बाजारातून मीठ आणायचं राहून जातं, त्याच सुरात.

त्या दिवसापासून काका वाफ बेतानं सोडू लागले. नायिका बोलू लागली की इस्त्री स्टँडवर आडवी. सदऱ्यांचा ढीग वाढे. आठवड्याभरानं नायक आला, आणि तोही म्हातारपणाच्या उंबरठ्यावरचा. वर्तमानपत्र वाचून झालं की पुन्हा होतं तसं घडीवर घडी करून ठेवणारा. कुणी काही सांडलं, फोडलं, विसरलं तरी "असू दे" म्हणणारा. जिना चढताना मधल्या वळणावर थांबणारा, आणि दमलो असं न सांगता खिडकीतून बाहेरची झाडं बघणारा. नायिकेच्या ते ध्यानात यायचं. मग तिच्या चपलेचा पट्टा नेमका तिथेच सैल व्हायचा आणि तीही खाली वाकायची.

"आमच्या घरचे पुढे जाऊन हाका मारतात," बटणवाली म्हणाली. "वर पोचून म्हणतात, मेलीस का?"

"तुझे निदान हाका मारतात," मोठी जाऊ म्हणाली. तुरपाईला दोघी जावा शेजारी-शेजारी बसायच्या आणि घरचं भांडण तिथेच पुरं करायच्या. "पण मला एक कळत नाही. तरण्यांच्या गोष्टीत आईबाप नाही म्हणतात, मग हो म्हणतात, संपलं. इथे नाही म्हणायला कुणी उरलेलंच नाही. तरी घोडं पेंड खातंय कुठे?"

"नाही म्हणणारं कुणी नसलं की जास्त भीती वाटते," ताई म्हणाल्या. "मग आपलं आपल्यालाच हो म्हणावं लागतं."

हे पुस्तकातलं की ताईंचं, ते काकांना कळलं नाही. त्यांनी ते दिवसभर मनात घोळवलं. त्यांना त्या नायकाबद्दल जरा असूयाच वाटू लागली होती. घरी गेल्यावर गार पोळीचा तुकडा मोडताना वाटायचं, या क्षणी कुणी आपल्याबद्दल असा बारीक विचार करत असेल का? बायको असताना तिनं केला असेल. तेव्हा आपण विचारलं नाही.

मग मुलीचा फोन आला. तिला दुसरं मूल होणार होतं. "बाबा, आता इकडेच या. मोठ्याला शाळेत सोडायला कुणी नाही. खोली रिकामी केलीय." त्यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? काका हो म्हणाले. महिनाअखेरीला जायचं ठरलं. फोन ठेवल्यावर पहिली गोष्ट मनात आली ती अशी, की पुस्तकाचा शेवट आता ऐकायला मिळणार नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पेला हातात धरून ते बायकांच्या खोलीच्या दारात उभे राहिले. असे ते कधी येत नसत.

"ताई, एक विचारायचं होतं. हे पुस्तक कुठे मिळतं?"

"कशाला?"

"मी मुलीकडे चाललोय. कायमचा. शेवट माझा राहून जाईल."

ताईंनी पुस्तक मिटलं. खूण ठेवायचंही त्यांना सुचलं नाही.

"ते बाजारात मिळत नाही," त्या म्हणाल्या.

"वाचनालयात?"

धाकट्या जावेला हसू आवरेना. "अहो काका, वाचनालयात मिळतं की. पण त्यातली बावीस वर्षांची आहे. मी दोनदा वाचलंय. तो घोड्यावरून येतो."

"कोण घोड्यावरून येतो?"

"नायक. सत्ताविशीतला."

"मग जिन्यावर थांबतो तो?"

बटणवालीनं दातानं दोरा तोडला. "साऱ्या खोलीला महिन्यापूर्वी कळलं, काका. भिंतीपलीकडे नुसती वाफच पोचली म्हणायची."

"गप बसा गं," मोठी जाऊ म्हणाली. "आम्हाला चोपन्नचीच हवी. बावीसचीला काय कळतं?"

ताई उठून पाणी प्यायला गेल्या. माठात पाणी भरपूर होतं, तरी त्यांना बराच वेळ लागला.

काका आपल्या खोलीत परतले. इस्त्री तापली होती, पण हात लावेना. शिवणखोली दुसऱ्या मजल्यावर. रोज सकाळी मधल्या वळणावर ते दम घ्यायला थांबायचे, आणि रोज ताईंच्या चपलेचा पट्टा तिथेच सैल झालेला असायचा. त्यांना बाईची कीव यायची. एकदा तर म्हणालेही होते, "नव्या घ्या की, किती दिवस ओढताय?" ताई म्हणाल्या होत्या, "बघू." काका मान खाली घालून उभे राहिले. या वयात माणसाला स्वतःची लाज वाटावी आणि त्याच वेळी छाती भरून यावी, हे त्यांना नवीन होतं.

उरलेले दिवस कुणी तो विषय काढला नाही. वाचन चालू होतं. काकांच्या शेवटच्या दुपारी नायक पिशवी घेऊन दारात उभा होता आणि नायिका त्याला निरोप देत होती. ताई तिथे थांबल्या. "पुढचं उद्या," त्या सवयीनं म्हणाल्या, आणि मग काकांना उद्या नाही हे त्यांच्या ध्यानात आलं.

खिडकीतून काकांचा आवाज आला. "त्यानं विचारलं, तर ती काय म्हणेल?"

सगळ्या सुया थांबल्या.

"विचारलं तर सांगेल ना," ताई म्हणाल्या, पुस्तकावरची नजर न काढता. "अजून विचारलंय कुठे त्यानं?"

काकांनी तोंड उघडलं. पण इतक्या माना त्यांच्याकडे वळलेल्या, बांधाबांध झालेली, मुलगी बसस्थानकावर घ्यायला येणार. "असू दे," ते म्हणाले, आणि शेवटचा सदरा खिडकीतून पुढे सरकवला.

"साठी बुद्धी नाठी," मोठी जाऊ पुटपुटली. एरवी धाकटी लगेच उलटं बोलली असती. त्या दिवशी बोलली नाही.

मुलीच्या घरी काकांना काही कमी नव्हतं. नातवाचं दप्तर, दुधाच्या बाटल्या, नव्या नातीला झोपवणं. दुपारी नात झोपली की घरात शांतता व्हायची आणि काकांचे कान रिकामे व्हायचे. मुलीच्या फळीवर प्रेमकथा होत्या. त्यांनी एक उघडली. नायिकेच्या गालावर खळी होती, केस कमरेपर्यंत होते. तिला आयुष्यात काही राहून गेलेलं नव्हतं. काकांनी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं.

नात पालथी पडू लागली तेव्हा एका रविवारी त्यांनी मुलीला सांगितलं, "जरा जाऊन येतो." कुठे, ते तिनं विचारलं नाही, बापाचा कडक इस्त्रीचा सदरा तिला पुरेसा होता.

दार ताईंनीच उघडलं. आतून आईनं विचारलं, "कोण आहे गं?"

"कारखान्यातले," ताई म्हणाल्या. त्यांचा ओला हात दाराच्या कडीवरच राहिला.

"विचारायचं राहिलं होतं," काका म्हणाले. "मी विचारलं तर तुम्ही काय म्हणाल?"

"हो म्हणेन," ताई म्हणाल्या. "आत या. आईला औषध द्यायचंय, तोवर बसा."

मग दोघांनी मिळून सगळीकडून विचार करून पाहिला. आईला त्या घरातून हलवता येत नाही. नात लहान, मुलीची नोकरी. पडवीएवढ्या खोलीत आईच्या खाटेशेजारी तिसरं अंथरूण मावत नाही. नाही म्हणणारं कुणीच नव्हतं, तरी करण्यासारखं फारसं काही निघालं नाही.

ताई अजून दुपारी वाचतात. रविवारी काका बसनं येतात, त्या आईला भरवत असतात तेव्हा दाराबाहेरच्या पायरीवर बसतात, आणि चारच्या बसनं परत जातात. ताई त्यांना थांब्यापर्यंत सोडायला जातात.