जनाआत्याचा धवला आणि माझी टेप

टेप या विषयातलं आमच्या घरात माझ्याइतकं कोणालाच कळत नाही, असं मी स्वतःच जाहीर केलं होतं.

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एक जुना स्पूल टेपरेकॉर्डर आहे. वर दोन मोठ्या चकत्या, मधून पळणारी टेप, आणि वजन असं की उचलणाऱ्याने आधी घरच्यांचा निरोप घ्यावा! मी तो दुरुस्त करून आणला आणि त्याच आठवड्यात शेलार गावाहून जनाआत्याचा फोन आला. आत्या अण्णांची थोरली बहीण, गावची धवलारीण. हळदीपासून लग्न लागेपर्यंतची गाणी, म्हणजे धवले, तीच गाते. तिच्या गळ्यात गाठ निघाली होती. ऑपरेशन ठरलं होतं, आणि आवाज कदाचित बदलेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

अण्णा आत्याला 'बाय' म्हणतात. ते म्हणाले, "बायचा आवाज टेप करून ठेवायचा. या मशीनवर."

"अण्णा, मोबाइलवर करू की," माझी बायको सुनीता म्हणाली.

"मोबाइल चोरीला जातो. हे कोण चोरणार?"

आता टेप हवी. मी ढीगभर व्हिडिओ पाहिले आणि ऑनलाइन एक जुनी परदेशी टेप मागवली. इतकी वर्षं सीलबंद! (पडून राहिलेल्या मालाला माझ्यासारखी माणसं 'दुर्मीळ' म्हणतात.)

रविवारी आत्या नवं लुगडं नेसून भिवंडीत आमच्याकडे आली. मी बटण दाबलं, तिने सूर लावला, आणि मशीनमधून आवाज आला, "चीं ऽ ऽ!"

आत्या थांबली. "घरान् उंदीर हाय काय रं?"

उंदीर नव्हता. टेपवरचा लेप जुना होऊन चिकट झाला होता आणि मशीनच्या तोंडाला चिक्कीच्या गुळासारखा लागला होता.

"हवा दमट आहे ना, आत्या," मी म्हणालो.

"मंग काय वालवंटान् जाऊन गाऊ?"

दुसऱ्या वेळी मी डोकं चालवलं. (इथेच घात झाला.) धवला मोठा, मध्येच टेप संपली तर? म्हणून जास्त वेळ चालणारी आणली. जास्त वेळ चालते, कारण ती पातळ असते, आणि पातळ टेप जुन्या मशीनला सोसत नाही, एवढंच मी वाचायचं विसरलो! शेजारच्या नसीमचाचांनी आपले खडखडणारे कापडाचे लूम थांबवले. "आपा के लिए बंद किया है, जल्दी करो!" आत्या मन लावून गायली. टाळ्या झाल्या. मी ऐटीत टेप मागे घेऊन लावली.

मशीनच्या ओढीने टेप रबरासारखी ताणली गेली होती. आतून पाण्यात बसलेली म्हैस गायला लागली!

आत्याने गळा चाचपला. "माजं आपरेशन जालं पन काय?"

सगळे पोट धरून हसले. अण्णा मात्र हसले नाहीत. उठून गॅलरीत गेले. आत्या त्यांच्या मागे गेली.

"येड्या, मी मरायला न्हाय चाललू."

"मरायचं कोण बोलतंय? तुझा आवाज..."

"तुला शिव्या घालायपुरता राहील. रडू नको."

मी आत ताणलेला तुकडा कापून जोडायला चिकटपट्टी शोधत बसलो. सुनीताने सरळ टेप विकणाऱ्याला फोन लावला. "दादा, मशीन जुनं आहे. कुठली टेप चालेल?" तो म्हणाला, नव्याने बनवलेली, नेहमीच्या जाडीची घ्या. जुनी नको, पातळ नको.

"असं कुणालाही विचारायचं असतं?" मी म्हणालो.

"हो. तोंडाने विचारायचं असतं."

आत्याला दवाखान्यात न्यायच्या आदल्या दुपारी ती टेप चढवली. नसीमचाचा लूम बंद करून या वेळी स्वतःच येऊन बसले. अण्णा लहान मुलासारखे आत्याच्या पायाशी बसले होते. ती गात होती आणि त्यांचे ओठ हलत होते. मी माइकजवळ उभा राहून बंदोबस्त पाहत होतो.

ऑपरेशन नीट झालं. काही आठवडे आत्याला खुणांवर काढावे लागले, मग आवाज परतला, जसाच्या तसा! त्या आनंदात आम्ही मशीन शेलारला नेलं. टेप सुरू झाली. स्वच्छ, मोकळा, अंगणभर पसरणारा आवाज. अण्णांनी डोळे पुसले. आत्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात टेपमधून, आत्याच्या दुप्पट आवाजात, "शूऽऽ! कुणी बोलू नका!" थोड्या वेळाने, "चाचा, खोकू नका!" आणि ऐन हळदीच्या कडव्यावर, "बघा, बघा, टेप कशी पळतेय!"

आत्याने कान देऊन ऐकलं. "धवला ब्येस जाला. पन यो मधी मधी कोन भुकतंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोललो नाही. त्या दुपारीही तेवढंच करायचं होतं!