चिमटीत न येणारा पट्टा

डोंगरातल्या नारिन गावच्या टॅक्सी थांब्यावर नवा माणूस दिसला की टॅक्सीवाला जुमाबेक त्याला पहिली गोष्ट सायराकान आपाची सांगतो. जुमाबेक नाकात बोलतो आणि वाक्य संपायच्या आधीच स्वतःच्या म्हणण्याला मान डोलावतो. "ती बघ, बाह्यांत हात घालून उभी आहे ती. सख्ख्या नातवाला हिनं गाडीत बांधलंच नाही. मांडीवर घेऊन बसली. म्हणे, माझ्या हातांपेक्षा तुमचा पट्टा घट्ट आहे होय? अन् मग..." इथे तो सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकतो, "पाचच मिनिटांत निघतोय बरं का!" असं उगाच कुणाला तरी ओरडून सांगतो आणि गोष्ट अर्ध्यात सोडतो. त्याची गाडी पाच मिनिटांत आजवर कधी निघालेली नाही.

गोष्टही तशी नाही. सायराकान आपा त्या दिवशी गाडीत नव्हतीच. आणि पोर बांधलेलं होतं. तिनेच बांधलं होतं.

आपाने सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली, पण गावात तिचं नाव होतं ते बेशिकसाठी. बेशिक म्हणजे आमचा लाकडी पाळणा. त्यात मूल नुसतं ठेवत नाहीत, बांधतात. खाली गादी, तिच्यावर मूल, हातपाय सरळ, वर एक दुलई, थंडी असेल तर दुसरी, आणि सगळ्यावरून दोन रुंद पट्टे. आपाने बांधलेलं मूल चार-चार तास ढिम्म हलायचं नाही. कुणाच्या घरी बाळ आलं की तिला बोलावणं जायचं. बायका चेष्टा करायच्या, "सायराकान, आमच्या ह्यांनाही एकदा बांध गं, फार भटकतात." ती पट्टा ओढता ओढता म्हणायची, "तुझा नवरा लांबलचक आहे. पाय बाहेर राहतील, तेवढ्यावरही पळेल."

जवळजवळ तीन वर्षांपूर्वी, मार्चमध्ये, तिचा मुलगा एर्मेक, सून नुरझादा आणि नातू तिलेक सकाळी बिश्केकला निघाले होते. तिलेक वीस महिन्यांचा. मागच्या सीटवर त्याची छोटी खुर्ची लावलेली होती. नुरझादा पट्टे लावायला वाकली, तर आपा म्हणाली, "सर गं. तुला नाही जमायचं." पोराच्या अंगात कापूस भरलेला जाड अंगरखा होता, पायापासून टोपीपर्यंत एकच. त्यावरून आपाने मेंढीच्या लोकरीची दुलई गुंडाळली. पट्टे पुरेनात, म्हणून ते सैल करून आणखी बाहेर काढले, मग कचकून ओढले. कुलूप खट्ट वाजलं. तिने तळहाताने ढकलून पाहिलं. गाठोडं तसूभर हललं नाही. "बघ, असं बांधतात," ती सुनेला म्हणाली. नुरझादा हसली. सगळेच हसले.

दोलोन खिंड उतरताना बर्फावर गाडी घसरली आणि कलंडून शेतात गेली. फार जोरात नाही, असं एर्मेक पुढे कितीतरी वेळा म्हणाला. त्याचं मनगट मोडलं. नुरझादाला खरचटलंही नाही. खुर्ची जागच्या जागी होती, पट्टे लावलेले होते, कुलूप बंद होतं. पट्ट्यांच्या आत दुलई होती. तिलेक फुटलेल्या काचेपलीकडे बर्फात होता.

चाळिसाव्या दिवशी तिलेकच्या नावाने जेवणावळ झाली. आपाने मोठ्या कढईत भात केला, मीठ नेहमीसारखंच पडलं. दुसऱ्या दिवशी तिने गोठ्यातून ती खुर्ची बाहेर काढली. शेजारणीकडून तसाच जाड अंगरखा मागून आणला, त्यात उशी कोंबली, वर दुलई गुंडाळली आणि त्या सकाळसारखंच बांधलं. घट्ट होतं. मग तिने तळहात गाठोड्याच्या छातीवर ठेवून सगळं अंग टाकलं. कापूस बसला, लोकर बसली, आणि पट्टे हवेत उभे राहिले. मधल्या फटीत तिची बोटं गेली. मग मूठ गेली. मग मनगट.

बेशिकमध्ये मूल झोपतं. बेशिक कुठे जात नाही, कुठे आपटतही नाही. त्यामुळे हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिने हात फटीतून काढून घेतला. मग घरात येऊन बटाटे सोलायला घेतले आणि एर्मेकला सांगितलं, "अंगरख्यावरून बांधलं होतं. तिथे चुकलं." ती रडली का, हे आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नाही, आणि आमच्या गल्लीत सगळ्यांना सगळं ठाऊक असतं.

त्यानंतर तिने एकही बेशिक बांधला नाही. बोलावणं आलं की "हात दुखतात" म्हणायची. आणि रोज सकाळी आठला थांब्यावर येऊन उभी राहायला लागली.

थांब्यावर माझ्या आईची चहा आणि सामशाची, म्हणजे भट्टीतल्या समोशांची, टपरी आहे, म्हणून हे सगळं मला तोंडपाठ आहे. लहान मूल घेऊन कुणी गाडीत बसलं की आपा त्या दारापाशी जाते. हात बाह्यांत, आवाज सपाट, दुकानदार भाव सांगतो तसा.

"जाड कपडे काढ त्याचे."

"अहो आपा, उणे वीस आहे! गारठेल की पोर!"

"गाडी तापू दे. मग काढ. स्वेटर राहू दे."

"माझी सासू जीव घेईल माझा."

"सासूला माझ्याकडे पाठव. पाठ टेकव त्याची. पट्टा पिळलाय, सरळ कर. खांद्याच्या किंचित वरून यायला हवा, हा खालून येतोय, मागून वर घे. खालचा पट्टा मांड्यांवर हवा, पोटावर नको. आता पुढची दोरी ओढ. आता खांद्यापाशी पट्ट्याला चिमटा काढ."

"काढला."

"चिमटीत आला?"

"थोडासा."

"मग सैल आहे. ओढ."

पट्टा चिमटीत येईनासा झाला की मग ती म्हणते, "आता दुलई घाल. वरून." आणि पुढच्या गाडीकडे वळते. जुमाबेक लांबून ओरडतो, "आपा, मलाही बांधा की! मीही आईचा लाडका आहे!" ती न वळता म्हणते, "तुझं तोंड बांधायला पट्टा मिळाला नाही अजून." पण हात बाह्यांतून काढत नाही. अडीच वर्षांत तिने एकाही पट्ट्याला बोट लावलेलं कुणी पाहिलं नाही. आया बांधतात, ती नुसती सांगते.

या जानेवारीत नुरझादा आली. तिलेकनंतर पहिल्यांदाच. ती दोघं तेव्हाच बिश्केकला राहायला गेली होती. आता त्यांना मुलगी आहे, मेरिम, दीड वर्षाची. एर्मेकला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून नुरझादा एकटीच लेकीला घेऊन चार दिवसांसाठी आली. चार दिवस सासू-सून स्वयंपाकाचं बोलल्या, हवेचं बोलल्या, गाईच्या दुखऱ्या पायाचं बोलल्या. तिलेकबद्दल एक शब्द नाही. परतीला जुमाबेकची गाडी ठरली आणि थांब्यावर सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न होता: सून त्या बाईला पट्ट्यांच्या जवळ येऊ देईल का?

मला वाटत होतं, देईल. सकाळी आपा चहाला आली तेव्हा मी म्हणाले, "आपा, आज तुम्हीच बांधणार. स्वतःच्या हातांनी."

"नाही."

"पैज?"

"लाव."

"मी हरले तर पिशवीभर कुरुत. तुम्ही हरलात तर आमच्या कपबश्या आठवडाभर तुम्ही धुवायच्या."

"कुरुत खारट आण," ती म्हणाली. कुरुत म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या.

नुरझादा आली, मेरिमला खुर्चीत बसवलं आणि सरळ उभी राहिली. पोरीच्या अंगात लाल जाड अंगरखा. जुमाबेकने सूर्यफुलाच्या बिया खिशात टाकल्या. नुरझादाने अंगरख्याची चेन खाली ओढली, एक बाही काढली, दुसरी काढली. पोर किंचाळली. मग नुरझादा बाजूला झाली. तिचा चेहरा अगदी कोरा होता. म्हणाली, "आपा, तुम्ही बांधा."

मी जिंकले, असं मला वाटलं.

आपा दारापर्यंत गेली. वाकून आत पाहिलं. मेरिमने रडता रडता तिच्या डोक्याच्या रुमालाचं टोक पकडलं.

"तूच बांध," आपा म्हणाली.

"मी रागावलेली नाहीये, आपा."

"त्याचं नाही गं. वाटेत कोचकोरला तुम्ही जेवायला उतराल. हिला बाहेर काढशील. परत बसवताना मी तिथे नसेन." तिने रुमालाचं टोक हळूच ओढून घेतलं, मान मागे घेऊन, हात न लावता. "बांध."

नुरझादाने बांधलं. पट्टा सरळ केला, खाली ओढला, कुलूप खट्ट वाजलं. पुढची दोरी ओढली.

"चिमटा काढ."

"येतोय."

"ओढ."

"आता निसटतोय."

"परत बघ. दुसऱ्या खांद्याचा."

"नाही येत चिमटीत."

"दुलई घाल," आपा म्हणाली. "कोचकोरला पण असंच. पोर रडली तरी." नुरझादाने मान हलवली आणि शेजारी बसली. जुमाबेकने दार लावलं आणि त्या दिवशी खरोखरच पाच मिनिटांत निघाला.

मी आईच्या फळीवरून कुरुतची पिशवी काढली आणि आपाला नेऊन दिली. तिने बाहीतून हात काढला, एक गोळी तोंडात टाकली, चावून पाहिली आणि म्हणाली, "खारट आण म्हटलं होतं."